दोघांसाठी दोन रात्री : श्रीवर्धन, दिवेआगर की हरिहरेश्वर?

कोथरूडकर

नमस्कार. मुलगी झाल्यापासून मी आणि माझी पत्नी दोघेच असे कुठेही गेलेलो नाही. येत्या मार्गशीर्षात माझे आईवडील आमच्याकडे राहायला येणार आहेत आणि नातीला सांभाळण्याची तयारी त्यांनी आपणहून दाखवली आहे. त्यामुळे शुक्रवारी दुपारी पुण्याहून निघावे, रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला समुद्राकाठी दोन रात्री राहावे आणि रविवारी रात्रीच्या जेवणवेळेपर्यंत घरी परतावे, असा बेत केला आहे. गाडी स्वतःची आहे आणि ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा हा रस्ताही ठरल्यासारखाच आहे.

अडचण पुढची आहे. श्रीवर्धन, दिवेआगर आणि हरिहरेश्वर ही तिन्ही गावे एकमेकांच्या जवळ असल्यामुळे एक रात्र एका गावी, दुसरी रात्र दुसऱ्या गावी आणि मधल्या वेळेत तिसरे गाव पाहून घ्यावे, असे मला वाटते. पत्नीचे म्हणणे असे, की आपण विश्रांतीसाठी चाललो आहोत की निवडणुकीच्या प्रचाराला, हे आधी ठरवावे. तिला एकाच ठिकाणी राहून भरपूर चालायचे आहे. ती शाकाहारी आहे आणि मला कोकणात जाऊन मासे न खाता परतणे जमणार नाही, त्यामुळे जेवणाचा प्रश्नही आहेच.

दत्तजयंतीच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन शनिवार-रविवार आम्हाला मोकळे आहेत. त्या दोहोंत काही डावे-उजवे करता येण्यासारखे असेल, तर तेही जाणकारांनी सांगावे.

वाडीतली

माझे माहेर श्रीवर्धनचे आहे, तेव्हा माझे मत त्या बाजूला झुकणार हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे. तरीही तुमच्या पत्नीचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. पुण्याहून अंतर सुमारे १६० किलोमीटरच असले, तरी घाट, वळणे आणि माणगावची बाजारपेठ धरून साडेचार-पाच तास हाताशी ठेवावे लागतात. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे शुक्रवारी तुम्ही पोहोचाल तेव्हा अंधार झालेला असेल. रविवारी दुपारचे जेवण उरकून निघावे लागेल. हिशेब केला तर पूर्ण असा एक शनिवार आणि रविवारची एक सकाळ एवढेच तुमच्या हाती राहते, आणि शनिवारी मुक्काम हलवायचा म्हटले की सामान आवरणे, दहाला खोली सोडणे, नव्या ठिकाणी बारापर्यंत खोली मिळण्याची वाट पाहणे यात नेमकी सकाळ खर्ची पडते. म्हणून एकच गाव निवडा.

आता दोन शनिवारांविषयी. यात फरक पडतो आणि बराच पडतो, कारण समुद्राचे वेळापत्रक तिथीवर चालते. आमच्याकडचे जुने लोक तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणतात आणि जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ मानतात. शुद्ध आणि वद्य अशा दोन्ही पक्षांना हा हिशेब लागू पडतो, भरती दिवसातून दोनदा त्याच सुमारास येते आणि प्रत्येक भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी असते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहल आखायला एवढा हिशेब पुरतो.

मी दिनदर्शिका पाहिली. दत्तजयंतीच्या आधीचा शनिवार मोक्षदा एकादशीचा आहे. अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास भरती आणि ओहोटी दुपारी अडीचच्या आसपास. ज्या दोन वेळांना माणसे समुद्रावर चालायला जातात, त्या दोन्ही वेळांना पाणी वर आलेले किंवा येत असलेले असेल आणि चालायला वरची भुसभुशीत वाळू तेवढी उरेल. भर उन्हात मात्र पाणी लांब गेलेले असेल, तेव्हा तिकडे फिरकण्याचे धैर्य कोणाला होत नाही. शिवाय घरी एकादशी पाळत असाल तर शनिवारचे मासे गेलेच.

नंतरचा शनिवार वद्य तृतीयेचा आहे. त्या दिवशी भरती सव्वादोनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी साडेआठला आणि रात्री साडेआठला. सकाळी सहा-सातपासूनच ओलसर, घट्ट वाळूचा रुंद पट्टा मोकळा होत जाईल, आणि संध्याकाळी सूर्य बुडताना पाणी पुन्हा निम्म्याहून अधिक मागे सरकलेले असेल. पौर्णिमा नुकतीच होऊन गेल्यामुळे ओहोटीही खोल असते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते, ते तेवढे मागे जात नाही. तृतीयेचा चंद्र आठनंतर उगवतो, आणि आमचा समुद्र पश्चिमेला असल्यामुळे तो पाण्यातून न येता तुमच्या पाठीमागे, माडा-पोफळींच्या शेंड्यांवरून येतो. तोपर्यंतचा काळोख चांदण्या पाहण्यासाठी उत्तम.

या तिथीचा आणखी एक फायदा हरिहरेश्वरला होतो. तिथे मुक्काम करू नका, पण शनिवारी सकाळी सव्वासातला श्रीवर्धनहून निघून जाऊन या. रस्ता वीसेक किलोमीटरचा आहे. आधी काळभैरवाचे आणि मग हरिहरेश्वराचे दर्शन घ्यायचे, अशी पद्धत आहे. त्यानंतर प्रदक्षिणेची वाट देवळामागच्या डोंगरावर चढते आणि दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून पायऱ्यांनी थेट समुद्रात उतरते. तिथून खडकांच्या सपाट पट्ट्यावरून डोंगराला उजवीकडे ठेवून देवळापर्यंत परत यायचे असते. या खडकांना लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने अशी जाळी पाडली आहे, की कडेला बोटे घालून पाहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. पायाखालच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात लहान खेकडे आणि गोगलगाई असतात. मात्र ही वाट ओहोटीचीच आहे. भरती सुरू झाल्यावर तिथे लाट एकाएकी अंगावर येते आणि माणूस ओढला जातो. असे अपघात झालेले आहेत. देवळाजवळच्या दुकानदारांना विचारल्याशिवाय उतरू नका आणि त्यांनी नको म्हटले तर वाद घालू नका.

उरलेल्या वेळात श्रीवर्धनमध्ये विशेष काही करू नये, हेच बरे. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे हे गाव असल्यामुळे त्यांचे स्मारक आहे, लक्ष्मीनारायणाचे जुने देऊळ आहे, आणि संध्याकाळी जीवना बंदरावर होड्या लागतात तेव्हा तिथे उभे राहण्यात वेळ चांगला जातो. गावातल्या आळ्यांमधून पायी फिरा. आमची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे आणि हिवाळ्यात ती अंगणात वाळत घातलेली दिसते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. माझ्या काकांच्या वाडीत त्या दिवसानंतर विहिरीवर पहिल्यांदा थेट ऊन पडले. पोफळ लावल्यापासून सुपारी धरेपर्यंत बरीच वर्षे जातात, त्यामुळे अजूनही कित्येक वाड्यांत उंच जुन्या झाडांच्या मध्येच माणसाच्या उंचीची रोपे दिसतील.

ठाणेकर

वरचा प्रतिसाद उत्तम आहे आणि भरतीच्या गणिताबद्दल तर विशेष आभार. तरीही मुक्कामासाठी श्रीवर्धनपेक्षा मी दिवेआगरची शिफारस करीन. श्रीवर्धन तालुक्याचे ठिकाण असल्याने तिथे बाजार, कचेऱ्या आणि एसटीचे आगार आहे; किनाऱ्याला बांधीव कठडा आहे आणि संध्याकाळी सगळे गाव तिथे असते. याउलट दिवेआगरचा किनारा सुमारे चार किलोमीटर सरळ पसरलेला असून त्याच्यामागे सुरूची आणि केवड्याची झाडी आहे. मधल्या भागात घोडागाड्या आणि पाण्यातले खेळ यांचा गोंगाट असतो, पण दहा मिनिटे चालत बाजूला गेले की तो मागे पडतो. ज्यांना चालायचे आहे, त्यांच्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.

गावालाही इतिहास आहे. शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, मराठीतला ताम्रपट या गावचा. रूपनारायणाच्या देवळातली विष्णुमूर्ती शांतपणे पाहावी. प्रभावळीतले दशावतार ओळखत बसायला दोघांना अर्धा तास सहज लागतो. सुवर्णगणेशाची हकीकत बहुतेकांना ठाऊक असतेच. १९९७ मध्ये एका वाडीत खणताना पेटीत सोन्याचा मुखवटा सापडला, मार्च २०१२ मध्ये देवळावर दरोडा पडून तो चोरीला गेला, आणि जप्त झालेल्या सोन्यातून घडवलेल्या मुखवट्याची नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा प्रतिष्ठापना झाली.

आम्ही दोघे मुंबईच्या बाजूने जातो तेव्हा मुरूडवरून आगरदांड्याला येऊन फेरीबोटीत गाडी चढवतो आणि खाडीपलीकडे दिघीला उतरतो. तिथून दिवेआगर जवळ पडते. पुण्याच्या मंडळींना याचा उपयोग नाही, पण इतर वाचणाऱ्यांना होईल.

घाटवाटा

गावाच्या वादात मी पडत नाही, फक्त गाडीबद्दल दोन गोष्टी सांगतो. शुक्रवारी दुपारी दोनच्या आत पुणे सोडा, म्हणजे ताम्हिणी उजेडात उतरून होईल. घाटात बराच वेळ मोबाइलला रेंज नसते आणि अंधारात गुरे रस्त्यावर बसलेली असतात, तेव्हा तिथे घाई करण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट म्हणजे गाडी वाळूत घालू नका. इतरांच्या गाड्या उतरलेल्या दिसतील आणि ओहोटीची वाळू सिमेंटइतकी टणक वाटेल, पण मधेच एखादा ओला पट्टा लागतो, चाक जागच्या जागी फिरत आत जाते आणि ट्रॅक्टर येईपर्यंत भरती सुरू होते. त्या वेळी ट्रॅक्टरवाला जे मागेल ते द्यावे लागते.

कोथरूडकर

सर्वांचे मनापासून आभार. पत्नीला पहिला प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले, त्यावरून माझा तीन गावांचा बेत कायमचा रद्द झाला आहे असे मी समजतो. दत्तजयंतीनंतरचा शनिवार आणि मुक्काम श्रीवर्धनला, एवढे नक्की केले. मात्र ठाणेकरांनी रूपनारायणाविषयी लिहिलेले वाचून तिलाच दिवेआगर पाहण्याची इच्छा झाली आहे. रविवारी परतताना किनाऱ्याच्या रस्त्याने दिवेआगरला जाऊन, तिथून बोर्ली पंचतनमार्गे म्हसळ्याला निघता येईल का? आणि जेवणाचे कसे करावे?

वाडीतली

रस्ता अगदी तसाच आहे. आरावी, कोंडविल, शेखाडी अशी गावे लागतात आणि बराच वेळ समुद्र डाव्या हाताला राहतो. मध्ये थांबण्याजोग्या जागा पुष्कळ आहेत, म्हणून अंतर कमी असले तरी दीड तास धरा. फक्त एक ध्यानात घ्या, की तो रविवार संकष्टी चतुर्थीचा आहे. रविवार आणि संकष्टी एकत्र आल्यावर सुवर्णगणेशाच्या देवळापुढे जी रांग लागते, ती पाहता तुम्ही एकतर सकाळी आठच्या आत तिथे पोहोचायला हवे, नाहीतर गणपतीला बाहेरूनच नमस्कार करून सरळ रूपनारायणाकडे वळावे. तिकडे संकष्टीचीही गर्दी तुलनेने कमी असते. माझ्या मते रविवारची पहाट आपल्या मुक्कामाच्या किनाऱ्यावरच घालवावी, कारण चतुर्थीची ओहोटी सव्वानऊपर्यंत चालते. दहाला निघून दिवेआगर पाहावे आणि तिथेच जेवून पुढे जावे.

जेवणाविषयी सांगायचे तर, आमच्याकडच्या पुष्कळ घरगुती मुक्कामांत स्वयंपाक शाकाहारीच असतो आणि तिथे बाहेरून मासे आणून खाल्लेले चालत नाहीत. खोली ठरवतानाच हे स्पष्ट विचारून घ्या. दोन्ही प्रकारचे जेवण देणारी घरेही आहेत, पण पत्नीला वेगळ्या चुलीचा आणि भांड्यांचा आग्रह असेल, तर शाकाहारी घरात राहून तुम्ही एक वेळ खानावळीत जाणे सगळ्यांनाच सोयीचे. शनिवारी दुपारी हरिहरेश्वरहून परतल्यावर सुरमईचे किंवा कोळंबीचे ताट घ्या आणि तिला त्याच वेळी घरी वालाचे बिरडे, तांदळाची भाकरी आणि सोलकढी मिळू द्या. दोन रात्रींत एक जेवण वेगवेगळे झाल्याने संसाराला काही होत नाही. रात्रीचे जेवण मात्र एकत्र घ्या.

जेवणाऱ्यांची संख्या प्रत्येक वेळी आधी कळवावी लागते, कारण इथे कोणी जास्तीचे रांधून ठेवत नाही. शनिवारी रात्री उकडीचे मोदक हवे असतील तर शुक्रवारी पोहोचल्या पोहोचल्या सांगा. शनिवारी संध्याकाळी सांगितले तरी कोणी नाही म्हणणार नाही, पण मग मोदकांच्या कळ्या मोजायला जाऊ नका.