मदत हवी आहे: निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याच्या डोक्यातलं कसं उतरवून घ्यायचं?

मंडळी, आमच्या देखभाल विभागातले सर्वांत जुने तंत्रज्ञ लवकरच निवृत्त होतायत. वरून सांगितलं म्हणून त्यांनी हँडओव्हरची फाईल लिहिली, मन लावून लिहिली; पण त्यात मॅन्युअलमध्ये आहे तेच. मला हवंय ते वेगळंच. पंपाजवळून जाता जाता ते म्हणतात, "सक्शनकडे बघा जरा." (सक्शन म्हणजे पंपाची ओढून घेणारी बाजू.) तिथला दाबाचा गेज तेव्हा ठीक असतो! पंपात खडी फिरल्यासारखा आवाज आला की कॅव्हिटेशन, म्हणजे आत वाफेचे बुडबुडे होऊन फुटतायत, एवढं आम्हालाही ठाऊक आहे. यांना ते त्याच्या बरंच आधी कळतं. कसं, विचारलं तर "आवाजावरून कळतं की." लपवतायत असं नाही, माणूस दिलदार आहे.

व्हिडिओही काढले, पण कॅमेरा दिसला की ते पुस्तकी बोलतात. विभागाच्या विकीचं, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या माहितीच्या पानांचं, तर विचारूच नका, तिथली पानं उघडतंय कोण! त्यांना नेमकं काय विचारू?

प्रतिसाद १:
"तुम्हाला काय माहीत आहे" असं विचारूच नका, एक अवघड बिघाड धरा. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी १९८०च्या दशकात अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांना असंच बोलतं केलं. तेही आधी म्हणायचे, आम्ही कुठे निर्णय घेतो, काय करायचं ते दिसतंच. मग एकच आग पुन्हा पुन्हा, क्रमाने सांगायला लावली. तुम्हीही तेच करा: सर्वांत आधी काय खटकलं? नवखा तिथे काय करून बसला असता? काय दिसलं असतं तर तुमचं मत फिरलं असतं? आणि हे यंत्राशेजारी उभं राहून, मीटिंग रूममध्ये नाही.

प्रतिसाद २:
विकीबद्दल. झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती तंत्रज्ञांनी एकमेकांसाठी युक्त्यांचा साठा केला होता, 'युरेका' नावाचा. प्रत्येक युक्ती जाणकार तंत्रज्ञ तपासायचे आणि देणाऱ्याचं नाव तिच्यासोबत राहायचं. तुमच्याकडे पानं कोण तपासतं? बाकी, आवाजाचं म्हणाल तर ते कागदावर येणार नाही. शिकाऊ माणूस त्यांच्यासोबत फिरवा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. प्रश्नांची यादी उद्याच वापरतो. माणूस सोबत द्यायला मात्र साहेब तयार नाहीत, एका कामाला दोघांचे तास कशाला म्हणतात. कोणी असे तास मंजूर करून घेतले असतील तर हिशेब कसा मांडलात?