‘रेज बेट’: नेमका शब्द की तोंड बंद करायचं हत्यार?

गोदाकाठ: ऑक्सफर्ड शब्दकोशवाल्यांनी २०२५ या वर्षाचा शब्द म्हणून ‘रेज बेट’ निवडला, शब्दशः ‘रागाचं आमिष’. लोकांनी चिडावं, भांडावं आणि त्यातून पोस्ट पसरावी म्हणून मुद्दाम टाकलेला मजकूर, असा त्याचा अर्थ. निवड अगदी योग्य आहे. परवा एका रीलमध्ये एका बाईंनी गरम पुरणपोळीवर टोमॅटो सॉस ओतला. खाली कमेंटांचा पाऊस: ‘अन्नाचा अपमान’, ‘आईने हेच शिकवलं का’. बाईंनी एकालाही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच पोळीवर चीज किसलं. असल्या धंद्याला नाव मिळालं की माणूस कमेंट करण्याआधी थांबतो.

शब्दवेडी: धंदा नवा, शब्द तसा जुना. ऑक्सफर्डला तो २००२ सालच्या यूजनेटवरच्या (इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांवरच्या) एका पोस्टमध्ये सापडला आणि तिथे विषय होता गाडी चालवण्याचा. मागच्याने पुढे जायला वाट मागत दिवे मारले की पुढच्याचं डोकं फिरतं, त्या संदर्भात. पुढे तो ट्विटरवर आला. ‘रेज’ फ्रेंचमार्गे लॅटिन ‘राबिएस’पासून आला, रेबीजचं मूळही तेच. ‘बेट’ जुन्या नॉर्समधला, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतला, चावायला लावणे या अर्थाच्या क्रियापदाशी नातं सांगणारा. काय जोडी जमली आहे!

टँकरवाली: माझा साफ विरोध. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं की टँकरचे पैसे सगळ्यांकडून घेता, मग वरच्या दोन मजल्यांना पाणी का नाही? बिलाचा फोटोही टाकला. कमिटीतल्या एकाचं उत्तर आलं, ‘ताई, रेज बेट नको.’ खाली सात-आठ अंगठे, विषय संपला. ज्याच्याकडे उत्तर नसतं त्याला हा शब्द आयता सापडतो. बाईचा, भाडेकरूचा, कामगाराचा राग तर आधीच कुणाला खपत नाही.

गोदाकाठ: ताई, तुमच्यावर अन्याय झाला, पण तो शब्दाने नाही, त्या माणसाने केला. तुमच्या पोस्टमध्ये बिल होतं, मागणी होती. उद्या पाणी आलं असतं तर तुमचा राग गेला असता. सॉसवाल्या बाईंना लोकांचा राग जायलाच नको आहे. फरक इतका उघड आहे.

टँकरवाली: तुम्हाला उघड आहे, कारण मी तुम्हाला सगळं सांगितलं. ग्रुपवर बिल उघडून कोण बघतं? शिक्का आधी बसतो. समोरच्याच्या मनातला हेतू ओळखल्याचा दावा करणारा शब्द मला नकोच. ‘ही माहिती खोटी आहे’ म्हणा, मी पुरावा देईन. ‘तू मुद्दाम चिडवतेस’ याला पुरावा काय देऊ?

शब्दवेडी: हा मुद्दा बिनतोड आहे. पण दोघंही माणसांवरच बोलताय. २०१७मध्ये फेसबुकचं अल्गोरिदम, म्हणजे कोणती पोस्ट वर दाखवायची हे ठरवणारी यंत्रणा, रागाच्या इमोजीला (इतर इमोजींप्रमाणेच) लाइकच्या पाचपट वजन देऊ लागलं. ते वजन कमी होत होत शून्यावर यायला सप्टेंबर २०२० उजाडला आणि बाहेर कळलं २०२१मध्ये, कंपनीची आतली कागदपत्रं फुटल्यावर. इथे हेतू ओळखायची गरजच नाही, आकडा समोर आहे. म्हणून हा शब्द मी सोसायटीतल्या बाईसाठी कधीच वापरणार नाही, कंपन्यांसाठी मात्र जरूर वापरेन.

टँकरवाली: कंपन्यांसाठी वापरा, माझी ना नाही. आमच्या ग्रुपवर मात्र मी आज पुन्हा तेच बिल टाकते आहे.