मदत हवी आहे: टॅलिन की ब्रूज?

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आई-बाबांना घेऊन युरोपात जातोय. मध्ययुगीन जुनं गाव एकच, पण निवांत बघायचंय. एस्टोनियातलं टॅलिन की बेल्जियममधलं ब्रूज, यावर घरात दोन तट पडलेत.

माझा कल टॅलिनकडे. तटबंदी अजून बरीच शाबूत आहे, वीसेक बुरूज उभे आहेत, आणि 1404 मध्ये पूर्ण झालेल्या टाउन हॉलसमोर निदान 1422 पासूनचं औषधांचं दुकान आजही चालू आहे! शिवाय हेलसिंकीहून बोटीने दोनेक तासांत पोचता येतं. अडचण टूम्पेआ टेकडीची. खालच्या गावातून वर जायला दगडी चढ किंवा पायऱ्या, आणि आईचे गुडघे दुखतात.

ब्रूज सपाट. कालव्यातली बोटफेरी बसल्या बसल्या होते. घंटाघराच्या 366 पायऱ्या चढायच्या नाहीत, खालूनच नमस्कार. बाबांना मात्र चर्चमधली मायकेलअँजेलोची मॅडोना (मेरी आणि बाळ येशूची मूर्ती) बघायचीच आहे. पण तिथली बरीच 'गॉथिक' (मध्ययुगीन शैलीतली) घरं एकोणिसाव्या शतकात नव्याने सजवलेली, हे वाचल्यापासून माझं मन जरा खट्टू झालंय. (बायको म्हणते, तुला काय घरं विकत घ्यायचीत?)

दोन्ही पाहिलेल्यांनी सांगा: टूम्पेआवर टॅक्सी थेट वरपर्यंत जाते का? दगडी फरसबंदीवर चालणं कुठे कमी त्रासाचं? आणि ब्रूजला मुक्काम करावा, की ब्रसेल्सहून ट्रेनने जाऊन संध्याकाळी परत यावं?