सोसायटी ग्रुप: 'लाल महाल'चे ड्रेस

शिंदे (ए-३०२): ५ एप्रिलच्या रात्रीच्या 'लाल महाल' प्रयोगासाठी वीस मावळ्यांचे ड्रेस भाड्याने बघून आलो. भगवं सॅटिन, सगळे एकसारखे. माणशी ३५० रु. गुरुवारपर्यंत पाठवा 🙏

कुलकर्णीकाकू (सी-१०४): शिंदे, थांबा जरा. गेल्या वर्षीचं विसरलात?

देशपांडे (बी-२०१): मी कसा विसरेन! तलवार उपसली आणि पाठीची चेन टराटरा उसवली. बनियन अख्ख्या पार्किंगने पाहिलं. मानेला लागलेला रंग तीन दिवस निघाला नाही.

जाधव (ए-५०१): शत्रूला पाठ दाखवू नये म्हणतात ते यासाठीच 😂

कुलकर्णीकाकू: चेनचं सोडा, ती विसाव्या शतकातली. १६६३ मध्ये शिलाई मशीन नव्हतं, आणि १८५६ च्या आधी रासायनिक रंगही नव्हता. मग मावळ्याच्या अंगावर हा झगझगीत भगवा आला कुठून? नीळ, मंजिष्ठ, हळद, हिरडा, नाहीतर सरळ मळकट पांढरं सुती. गणवेश तर नव्हताच. ज्याच्या घरी जे होतं ते घालून तो आला.

शिंदे: काकू, पटतंय. पण लांबून कळायला नको का, आपले कोण आणि शाहिस्तेखानाचे कोण?

कुलकर्णीकाकू: अहो, कळू नये यातच तर त्या रात्रीची सगळी गंमत आहे! पहारेकऱ्यांनी हटकलं तर 'आम्ही बादशाही फौजेतलेच दख्खनी शिपाई, चौकीवर चाललोय' असं सांगून महाराजांची माणसं आत शिरली, असं सांगतात ना? खानाच्या फौजेत मराठेही होते, राजपूतही. वीस जण एका रंगात आले असते तर छावणीच्या तोंडाशीच धरले गेले असते. तुमचं सॅटिन घातलं तर प्रयोग दुसऱ्या मिनिटाला आटोपेल.

जाधव: शिंदेसाहेब, पैसे परत 😂

पाटीलवहिनी (सी-४०२): हो पण काकू, शिवणार कोण एवढं?

कुलकर्णीकाकू: मांजरपाट मी रविवार पेठेतून आणते. आणला की रात्रभर भिजत घालायचा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतो आणि बाही कोपरावर येते. आतल्या लांब शिलाया मशीनवर मारू, कोणाला दिसतायत. गळा, घेर, बाहीची कड मात्र हाताने तुरपायची. बाराबंदी म्हणजे एकाला बारा बंद, वीस जणांचे दोनशे चाळीस! बंदाची पट्टी शिवताना आत एक जाड दोरा टोकाला टाचून ठेवा. तो ओढला की पट्टी सरसर सुलटी होते. सुईने टोचत बसलात तर एकेका बंदाला दहा मिनिटं जातील. शनिवारी दुपारी माझ्याकडे या, चहा माझा.

पाटीलवहिनी: मी आणि सासूबाई येतो. तुरपाई त्यांची बघाच तुम्ही.

जाधव: माझ्याकडे पुणेरी पगडी आहे, चालेल?

कुलकर्णीकाकू: अजिबात नाही. ती नंतरच्या काळातली. आजोबांचं जुनं सुती धोतर आण, मुंडासं बांधायला शिकवते. आणि हातातलं घड्याळ घरी ठेव.

शिंदे: खानाच्या बाजूचं काय? सगळ्यांना मावळाच व्हायचंय. त्या बाजूला आठच नावं आलीत.

कुलकर्णीकाकू: त्यांना जामे, म्हणजे बगलेत बंद बांधायचे लांब घेरदार अंगरखे. त्या काळी जामा मुसलमान उजव्या बगलेत बांधत, हिंदू डाव्या बगलेत. मी दोन्हीकडे बंद लावून ठेवते. खानाचा राजपूत कमी पडला तर आयत्या वेळी बाजू बदलायची, जामा तोच.

शिंदे: बरं, भाड्याचं कॅन्सल करतो. अॅडव्हान्सचे ५०० गेले म्हणायचे.

देशपांडे: काकू, चेन सोडून काहीही घालीन. छातीचं माप पाठवू का?

कुलकर्णीकाकू: पोटाचं पाठवा.

जाधव: 😂😂😂