मरीन लाइन्समधली लाइन वेगळी

'लाइन' या शब्दाच्या मराठीतल्या अर्थांवर इथे चर्चा चालू आहे, त्यात वर एकांनी लिहिलंय की मुंबईतलं मरीन लाइन्स म्हणजे समुद्राकाठची रेल्वेलाइन. तर्क झकास, पण पटत नाही. ब्रिटिश काळात तिथे मरीन बटालियनच्या सैनिकांची वस्ती होती, नाव तिच्यावरून पडलं. लष्करी इंग्रजीत ओळीने उभारलेल्या तंबूंना, बराकींना 'लाइन्स' म्हणत. नावातलं अनेकवचन तिथूनच आलंय, रुळांशी त्याचा संबंध नाही. नागपूरचं सिव्हिल लाइन्स त्याच घराण्यातलं, फक्त तिथे मुलकी अधिकाऱ्यांचे बंगले. पोलीस लाइनीत वाढलेल्यांना तर हा अर्थ फोड करून सांगायची गरजच नाही.

बाकी रांग, रूळ आणि पोरींवर मारायची लाइन यांवर इथे भरपूर चर्चा झालीच आहे. मला गंमत वाटते ती 'लाइन गेली' या प्रयोगाची. गावाकडे याचा अर्थ सरळ वीज गेली. लाइनमन हा शब्द सगळ्यांना पाठ. आमच्याकडे चाळीत मात्र वीज गेली की 'लाइट गेली' म्हणतात, तीही स्त्रीलिंगी! आणि 'मुलगा कुठल्या लाइनीत आहे?' असं एखाद्या काकूंनी विचारलं तर वेस्टर्न-हार्बर सांगू नका, त्या नोकरीधंद्याचं विचारतायत. बहुतेक स्थळ असतं मनात.