वॉल्डॉर्फ बालवाडीत मोकळीक नेमकी कुणाला?

उंबरठा: काल इथे एकीने लिहिलं, ‘वॉल्डॉर्फ म्हणजे मुलांच्या कल्पनेला मोकळं रान.’ राहवलं नाही म्हणून लिहितेय. खेळ आणि कलेतून शिकवणाऱ्या या पद्धतीच्याच एका बालवाडीत माझी भाची होती. भिंतीवर ओळीने चित्रं लावलेली, सगळ्यांवर ओल्या कागदावर पसरलेला तोच पिवळा, कडेने तोच निळा. नावं नसती तर आईला आपल्या पोरीचं चित्र ओळखता आलं नसतं. मेणाच्या खडूंत काळा नव्हताच. तिला म्हैस काढायची होती. बाई म्हणाल्या, तपकिरीने काढ. हे कसलं मोकळं रान?

मातीचे हात: तुम्ही चित्रं बघितलीत, रंगवणारं मूल नाही. कागद भिजलेला असला की रेघ टिकत नाही, निळा पिवळ्यात शिरतो आणि मुलाच्या डोळ्यांदेखत हिरवा होतो. चार वर्षांचं पोर त्यात हरवून जातं. माझ्या मुलाचा रंग आधीच्या शाळेत रेघेबाहेर गेला, तर त्यावर लाल पेनाने गोल आला होता! काळा खडू द्यायला हवा, हे मात्र मान्य.

उंबरठा: चला, एवढं तरी मान्य केलंत. पण यामागचं तत्त्वज्ञान पालकांना कुणी सांगतं का? या पद्धतीचे जनक रुडॉल्फ स्टायनर यांच्या मते दुधाचे दात पडेपर्यंत मुलाची जीवनशक्ती शरीर घडवण्यात गुंतलेली असते, म्हणून सातव्या वर्षापर्यंत अक्षरं नकोत. भाची पाचव्या वर्षी एसटीच्या पाट्या वाचायला लागली, तर ‘घरी उत्तेजन देऊ नका’ असा निरोप आला. समोरच्या मुलीकडे कुणी बघितलं?

बांधावरचा: अक्षरं उशिरा आली म्हणून काही बिघडत नाही. गाडी अडते फीपाशी. १९१९ साली श्टुटगार्टला पहिली वॉल्डॉर्फ शाळा निघाली ती सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी. आज आपल्याकडे तिथे कुठल्या कामगाराचं मूल दिसतं?

मातीचे हात: प्रत्येक धाग्यावर तुमची फी! विषय काय चाललाय?

बांधावरचा: विषय हाच आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. माँटेसरीची साधनं गरिबांच्या आवाक्याबाहेरची, म्हणून शंख-शिंपले, बिया, गारगोट्या घेतल्या. पुढे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. माझी आई अंगणवाडी सेविका होती. खेळणी आली की कपाटात कुलूपबंद, कारण तपासणीला एक जरी मोडकं निघालं तर जाब तिला. पोरं जाळीतून बघायची. त्यांच्या कल्पनेचं काय, यावर कुणी धागा काढत नाही.

उंबरठा: ताराबाईंनी मुलं बघून पद्धत बदलली. मी तेच म्हणतेय.

बांधावरचा: तुम्ही भाचीचं म्हणताय. मी कुलपाचं.

मातीचे हात: कुलपाचं मलाही पटलं, आधी नीट सांगितलं असतंत तर एवढं वाजलं नसतं. मोडक्या खेळण्यांचा जाब सेविकेला विचारू नये, असं निवेदन लिहा, मी सही करते. सातच्या आधी अक्षरं नकोत, यावर मात्र मी ठाम आहे.