मदत हवी आहे: प्रेसचा जोर चालताना कमी पडतोय
मंडळी, शिरोली एमआयडीसीत आमचा बुश (भोकात दाबून बसवायची धातूची नळी) बसवायचा हायड्रॉलिक प्रेस आहे. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) १०० मिमी, प्रेशर १५० बार, म्हणजे हिशेबाने साधारण १२ टन. रॅम (दाबणारा दांडा) टेकून थांबला की पंप आणि सिलिंडर दोन्हीकडचे गेज १५० दाखवतात. पण बुश आत सरकताना सिलिंडरकडे १२८च! जोर नेमका तेव्हाच लागतो की राव.

पाइप ३/८ इंची, ६ मीटर, फ्लो ३० लिटर प्रतिमिनिट, तेल ६८ नंबर (जाडीचा ग्रेड). ४० अंशाला घर्षणाचा लॉस ९ बारच्या आसपास निघतो. एकूण घट २२ बारची, मग बाकीचे १३ कुठं गेले? व्हॉल्व्ह, एल्बो, की सकाळचं गार तेल? रिटर्नचं (टाकीत परत जाणाऱ्या तेलाच्या लाइनचं) बॅक प्रेशर अजून मोजलेलं नाही. अर्धा इंची पाइप टाकून भागेल, की व्हॉल्व्हही मोठा घ्यावा? प्रेशरचं सेटिंग वाढवायचा सल्ला नको, मोटर आधीच तापते.